केसांसाठी सेरामाइड: बाटलीवर नाव असून भागत नाही, ते केसावर टिकायला हवं

सेरामाइडचा शाम्पू घ्यावा का, असं कुणी विचारलं तर आमचं उत्तर सरळ आहे. सेरामाइडवर पैसे घालायचेच असतील तर ते कंडिशनरवर किंवा न्हाऊन झाल्यावर लावून ठेवायच्या क्रीमवर घाला, शाम्पूवर नको. तेलकट पदार्थ सोडवून पाण्याबरोबर वाहून नेणं हे शाम्पूचं काम. सेरामाइड हा स्वतःच तेलकट, मेणासारखा पदार्थ आहे आणि शाम्पूत तो असतोही अगदी नावापुरता. त्यातला मोठा भाग फेसाबरोबर मोरीत जातो.

काही शाम्पूंमध्ये पॉलिक्वाटर्नियम-10 किंवा ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड यांसारखी धनभारित पॉलिमर्स घातलेली असतात. धुताना पाणी वाढलं की ही पॉलिमर्स शाम्पूतल्या सफाईच्या घटकांशी जुळून पातळ थर बनवतात आणि तो केसावर बसतो. त्या थरात थोडं सेरामाइडही अडकून राहतं, म्हणजे शाम्पूतलं सेरामाइड अगदीच फुकट जातं असं नाही. पण कंडिशनरच्या तुलनेत हा उपयोग फारच कमी.

केसात सेरामाइड असतं कुठे

केसाची जाडी साधारण 50 ते 100 मायक्रॉन. बाहेरून तो खवल्यांनी झाकलेला असतो. या आवरणाला क्युटिकल म्हणतात. कोकणातल्या कौलारू छपरावर जशी कौलं एकमेकांवर चढवलेली असतात, तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे चढवत गेलेले असतात. एका खवल्याची जाडी जेमतेम अर्धा मायक्रॉन, आणि असे पाच ते दहा थर एकावर एक. आत कॉर्टेक्स, म्हणजे केसाची ताकद जिथे असते तो केराटिनचा गाभा.

दोन खवल्यांच्या मध्ये एक पातळ जोड असतो. त्याला सेल मेंब्रेन कॉम्प्लेक्स म्हणतात. या जोडात प्रथिनं असतात आणि स्निग्ध पदार्थ असतात: फॅटी ॲसिड्स, कोलेस्टेरॉल सल्फेट आणि सेरामाइड्स. केसाच्या वजनात सेरामाइडचा वाटा 1 टक्क्याहूनही कमी असतो, पण जागा मोक्याची असते. हा जोड शाबूत असला की खवले चिकटून राहतात. तो झिजला की खवल्यांच्या कडा उचकटतात, फणीला अडकतात, तुटतात आणि शेवटी आतला कॉर्टेक्स उघडा पडतो. टोकं दुभंगतात ती या प्रवासाच्या अखेरीस.

त्वचा आणि केस यांची इथे गल्लत होते. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या स्निग्ध पदार्थांत वजनाने जवळजवळ निम्मा वाटा सेरामाइडचा असतो. त्याखालच्या जिवंत पेशी रोज नवं सेरामाइड बनवतात. केसाचं तसं नाही. डोक्याच्या कातडीबाहेर आलेला केस मृत असतो, त्याच्यात काहीच नव्याने बनत नाही. गेलं ते गेलं. चेहऱ्याच्या क्रीमवर ‘3:1:1’ असं सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते त्वचेच्या अभ्यासातून आलेलं आहे. केसाच्या बाटलीवर ते छापलं म्हणून केसाला लागू पडत नाही.

आता एक हिशेब करू. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात. खांद्याखाली जाणाऱ्या 30 सेंटीमीटर लांब केसाचं टोक अडीच वर्षांचं असतं. आठवड्यातून तीनदा न्हाणाऱ्या व्यक्तीच्या केसाचं ते टोक चारशेच्या घरात धुणी सोसून आलेलं असतं. मुळाजवळचा भाग आणि टोक यांना एकच उपाय पुरत नाही, तो यामुळे. सेरामाइडची गरज खालच्या अर्ध्या लांबीला असते. मुळाशी ते लावलं तर केस चपटे पडण्यापलीकडे फार काही होत नाही.

सेरामाइड कशाने जातं

ब्लीच आणि अमोनियायुक्त कायमचा रंग हे पहिले गुन्हेगार. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अल्कधर्मी माध्यम एकत्र आलं की केसाच्या अगदी वरचा स्निग्ध थर सुटतो. या थराचं नाव 18-मिथाइल आयकोसॅनोइक ॲसिड, म्हणजे 18-एमईए. तो खवल्याला रासायनिक बंधाने जोडलेला असतो आणि केसाला पाणी झटकण्याचा गुण देतो. एकदा तो गेला की पाणी झटकणारा केस पाणी शोषणारा होतो. सेरामाइड लावून 18-एमईए परत येत नाही, ते दोन वेगळे पदार्थ आहेत. सेरामाइड वरचा खडबडीतपणा कमी करतं आणि जोडातली तूट थोडीफार भरून काढतं. ‘केस पूर्ववत’ असा दावा दिसला तर तो सोडून द्या.

त्याखालोखाल स्मूदनिंग आणि स्ट्रेटनिंगची रसायनं, 200 अंशांच्या वर फिरवलेली इस्त्री, कडक ऊन आणि रोजचा शाम्पू. अंगाचा साबण डोक्याला लावणाऱ्यांनी तो आजच सोडावा. साबणाचा पीएच 9 ते 10 असतो, त्यात खवले फुगून उघडतात.

केसाची अवस्था पाहायची एक चाचणी घरी करता येते. साधा शाम्पू लावून, कंडिशनर किंवा तेल काही न लावता केस पूर्ण वाळवा. एक बट पांढऱ्या बशीत सपाट पसरा. औषधाच्या ड्रॉपरने मुळाजवळच्या भागावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि दुसरा टोकाजवळ. थेंब मण्यासारखा गोल राहिला तर वरचा थर बऱ्यापैकी शाबूत आहे. थेंब लगेच पसरून मुरला तर तो भाग झिजलेला आहे. ब्लीच केलेल्या केसात मुळाशी थेंब उभा राहतो आणि टोकाशी काही क्षणांत नाहीसा होतो, हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. पेल्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो हे बघण्याची जी युक्ती सगळीकडे फिरते, तिच्यावर विसंबू नका. केसावर कंडिशनरचा अंश असेल किंवा पाण्याचा पृष्ठताण थोडा बदलला असेल तरी उत्तर उलटं येतं.

ज्यांनी केसांना कधी रंग, ब्लीच किंवा स्ट्रेटनिंग केलेलं नाही आणि ज्यांचे केस खांद्याच्या वरच आहेत, त्यांना सेरामाइडसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही. साधा चांगला कंडिशनर पुरतो.

मुंबईची हवा, मुंबईचं पाणी

केस हवेतली आर्द्रता शोषतो. आर्द्रता 65 टक्क्यांच्या आसपास असेल तर केसात त्याच्या वजनाच्या सुमारे 15 टक्के पाणी असतं, हवा पूर्ण दमट झाली तर हे प्रमाण 30 टक्क्यांपर्यंत जातं. पूर्ण भिजलेल्या केसाची जाडी सुमारे 15 टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र जेमतेम 1 ते 2 टक्के. जुलैत मुंबईची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते आणि अंधेरी किंवा बीकेसीतल्या एसी ऑफिसात हवा बरीच कोरडी असते. स्टेशन, ऑफिस, पुन्हा स्टेशन असं करताना केस दिवसातून दोन-तीनदा फुगतो आणि आकसतो. जोड झिजलेल्या केसात खवले प्रत्येक वेळी थोडे हलतात. पावसाळ्यात केस पिंजारतात ते यामुळे.

याच कारणाने पावसाळ्यात लावून ठेवायच्या क्रीममध्ये ग्लिसरीन भरपूर असेल तर ते टाळावं. दमट हवेतलं पाणी ते केसाकडे ओढतं आणि फुगणं वाढतं. धुऊन टाकायच्या कंडिशनरमधल्या 1-2 टक्के ग्लिसरीनची काळजी करू नका.

पाण्याच्या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहेत. भातसा, तानसा, वैतरणा, मोडक सागर, विहार, तुळशी या तलावांतून येणारं महापालिकेचं पाणी मऊ असतं. अडचण येते ती बोअरवेल आणि टँकरच्या पाण्याची. वसई-विरार, मीरा रोडच्या बऱ्याच सोसायट्यांना आणि शहरातल्या नव्या टॉवर्सनाही पाणीकपातीच्या दिवसांत तेच वापरावं लागतं. कठीण पाण्यातलं कॅल्शियम झिजलेल्या केसावर जाऊन बसतं. कंडिशनरमधले धनभारित घटक केसावरच्या ज्या ऋणभारित जागा धरतात, त्याच जागा कॅल्शियम अडवतं. मग महागडा कंडिशनरही ‘लागत नाही’. बादलीच्या कडेला पांढरा थर, गीझरच्या कॉइलवर खडू, साबणाला फेस न येणं ही कठीण पाण्याची खूण.

उपाय सोपा आहे. दोन-तीन आठवड्यांतून एकदा ईडीटीए असलेला शाम्पू वापरा, तो कॅल्शियम सोडवून नेतो. शेवटचे एक-दोन तांबे आरओ मशीनमधून आलेल्या पिण्याच्या पाण्याचे घ्या. आरओ मशीनच्या बाहेरच्या नळीतून जे पाणी वाया जातं, ते मात्र डोक्यावर घेऊ नका. क्षार त्या पाण्यातच साठलेले असतात.

लेबल कसं वाचायचं

लेबलवर सेरामाइडच्या पुढे दोन-तीन इंग्रजी अक्षरं असतात: एनपी, एपी, ईओपी, एनजी. पहिलं अक्षर रेणूतल्या फॅटी ॲसिडचा प्रकार सांगतं. एन म्हणजे साधं, ए म्हणजे अल्फा-हायड्रॉक्सी. शेवटचं अक्षर दुसऱ्या भागाचं, पी म्हणजे फायटोस्फिंगोसीन. हे दोन भाग अमाइड बंधाने जोडले की सेरामाइड तयार होतं. जुन्या बाटल्यांवर सेरामाइड 3 असं लिहिलेलं असायचं, तेच आजचं एनपी. केसांच्या उत्पादनांत आणखी दोन नावं भेटतात आणि त्यांत सेरामाइड हा शब्दच नसतो. एक, 2-ओलिअमायडो-1,3-ऑक्टाडेकेनडायॉल, आणि दुसरं, सेटिल-पीजी हायड्रॉक्सीइथाइल पाल्मिटामाइड. दोन्ही प्रयोगशाळेत घडवलेले, सेरामाइडसारखे वागणारे रेणू आहेत. नैसर्गिक नाहीत म्हणून ते कमअस्सल ठरत नाहीत. केसासाठी ते चांगले चालतात आणि विरघळवायलाही एनपीपेक्षा सोपे असतात.

आजचं बहुतेक सेरामाइड यीस्टच्या आंबवणातून मिळवलेल्या फायटोस्फिंगोसीनपासून बनतं. शाकाहारी ग्राहकांनी सेरामाइडपेक्षा कोलेस्टेरॉलकडे लक्ष द्यावं. सौंदर्यप्रसाधनांतलं कोलेस्टेरॉल बहुधा लॅनोलिनपासून, म्हणजे मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून येतं. ते नको असेल तर फायटोस्टेरॉल असलेलं उत्पादन शोधा.

भारताच्या कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 प्रमाणे 1 टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह जास्तीत जास्त 1 टक्का वापरतात. यादीत ते दिसलं की तिथून पुढचं सगळं साधारण 1 टक्क्याच्या आतलं समजा. सेरामाइड नेहमी याच शेपटीत असतं आणि ते तिथेच असायला हवं. 0.1 टक्का ही चांगली मात्रा आहे. फक्त त्या शेपटीतल्या क्रमावरून 0.1 टक्का आणि 0.001 टक्का यांतला फरक कळत नाही. परफ्यूमच्या आधी आहे की नंतर, यावर तर्क लढवणं व्यर्थ.

त्यापेक्षा यादीच्या सुरुवातीकडे बघा. पहिल्या पाच-सहा नावांत सेटिअरिल अल्कोहोल आणि बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट आहे का? सेरामाइडला स्वतःचा विद्युतभार नसतो, त्यामुळे ते केसाला आपणहून धरून राहत नाही. धनभारित बेहेनट्रायमोनियम झिजलेल्या, ऋणभारित केसाकडे ओढलं जातं. सेटिअरिल अल्कोहोलबरोबर त्याचे पापुद्र्यांसारखे थर बनतात आणि सेरामाइड त्या थरांत बसून केसापर्यंत पोचतं. हा वाहक नसेल तर सेरामाइडचं नाव कितीही मोठ्या अक्षरांत छापा, ते धुण्याबरोबर जाईल.

किमतीबद्दल एक गणित. समजा सेरामाइड पावडर किलोला 1 लाख रुपये धरली. 200 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये 0.1 टक्का म्हणजे 0.2 ग्रॅम, म्हणजे 20 रुपयांचं सेरामाइड. ट्यूबची किंमत 900 रुपये असेल तर उरलेले पैसे सेरामाइडचे नाहीत, हे लक्षात असू द्या.

वापरायचं कसं

शाम्पू फक्त डोक्याच्या कातडीला लावा, लांबीवरून फेस उतरतो तेवढा पुरे. नंतर शाम्पू पूर्ण निघू द्या. बादली-तांब्याने न्हाताना पाणी वाचवायला बरेच जण शाम्पूचा फेस असतानाच कंडिशनर लावतात. शाम्पूतले ऋणभारित घटक आणि कंडिशनरमधले धनभारित घटक एकमेकांना पकडतात, बुळबुळीत गुठळ्या होतात आणि दोन्ही वाया जातात.

मग केस हाताने दाबून पाणी काढा. पाणी टपकत असलेल्या केसावर कंडिशनर पातळ होऊन घसरतो. खांद्यापर्यंतच्या केसाला 10 ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे पुरतात. कंबरेपर्यंतच्या केसाला 20. कानाच्या पातळीपासून खाली लावा, मोठ्या दातांच्या फणीने एकदा विंचरा, 3 ते 5 मिनिटं थांबा. अर्धा तास ठेवून विशेष जास्त काही मिळत नाही. धुताना बुळबुळीतपणा गेला की थांबा, केस करकरेपर्यंत धुऊ नका. टॉवेलने रगडू नका, दाबून टिपा.

लावून ठेवायची क्रीम असेल तर ती वाटाण्याएवढी, 1 ते 2 ग्रॅम, ओलसर केसाच्या खालच्या अर्ध्या भागाला. ब्लीच केलेल्या किंवा सरळ केलेल्या केसांना दर न्हाण्याला, नुसत्या रंगवलेल्यांना आठवड्यातून एक-दोनदा. सेरामाइडचा परिणाम धुण्यागणिक उतरत जातो, म्हणून महिन्यातून एकदा पार्लरमध्ये मोठी ‘ट्रीटमेंट’ घेण्यापेक्षा दर वेळी थोडं लावणं फायद्याचं.

खोबरेल सोडावं का? मुळीच नको. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती. केसातून होणारी प्रथिनांची गळती खोबरेलने लक्षणीय कमी केली, इतर दोघांनी नाही. खोबरेलमधला लॉरिक ॲसिडचा सरळ, लहान रेणू केसाच्या आत शिरतो आणि धुताना केस कमी फुगतो. म्हणून क्रम असा ठेवा: न्हाण्याआधी तास-दोन तास खोबरेल, मग शाम्पू, मग सेरामाइडचा कंडिशनर. न्हाऊन क्रीम लावल्यावर त्यावर पुन्हा तेल चोपडू नका. मुंबईच्या घामात आणि धुळीत ते चिकट होतं, मग केस लवकर धुवावे लागतात आणि लावलेलं सेरामाइड त्या जास्तीच्या धुण्यात जातं.

सेरामाइडची क्रीम म्हणजे उष्णतेपासून संरक्षण असं समजू नका. ओल्या केसावर इस्त्री फिरवली तर आतलं पाणी उकळून केसात बुडबुडे होतात आणि केस तिथेच तुटतो. कोणतीही क्रीम हे थांबवत नाही. केस पूर्ण वाळवा आणि इस्त्री 180 अंशांच्या वर नेऊ नका.

केस गळण्यावरही ते औषध नाही. फणीत आलेला केस उचलून बघा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून आला आहे. दिवसाला 50 ते 100 असे केस गळणं नेहमीचं आहे. गाठ नसलेले आखूड तुकडे असतील तर ते तुटलेले केस, आणि सेरामाइडचा उपयोग आहे तो याच तुटण्यावर. मुळातून गळणं दोन-तीन महिने वाढलेलंच राहिलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचेची ओपीडी असते. कोंड्यालाही सेरामाइड पुरत नाही, तिथे केटोकोनॅझोलसारखं औषध लागतं.

स्वतः बनवायचं असेल तर

प्रिन्सेस स्ट्रीटला किंवा ऑनलाइन कच्चा माल घेऊन कंडिशनर बनवणारे आता बरेच आहेत. त्यांच्यासाठी 100 ग्रॅमचं माप देत आहोत. सेटोस्टिअरिल (म्हणजे वरचंच सेटिअरिल) अल्कोहोल 5 ग्रॅम, बीटीएमएस-50 (बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेटचं तयार मिश्रण) 3 ग्रॅम, ऑक्टिलडोडेकॅनॉल (तेलासारखा द्रव) 2 ग्रॅम, सेरामाइड एनपी पावडर 0.1 ग्रॅम, कोलेस्टेरॉल 0.1 ग्रॅम. पाण्याच्या भागात डिस्टिल्ड वॉटर 87.5 ग्रॅम, ग्लिसरीन 1 ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए 0.1 ग्रॅम. शेवटी फिनॉक्सीइथेनॉल-इथाइलहेक्सिलग्लिसरीन 1 ग्रॅम आणि सुगंध 0.2 ग्रॅम. वजनकाटा 0.01 ग्रॅम दाखवणारा हवा. स्वयंपाकघरातल्या 1 ग्रॅमच्या काट्यावर हे करू नका.

सेरामाइड एनपी 100 अंशांच्या आसपास वितळतं, आणि सगळा घोळ इथेच होतो. ते पाण्यात टाकलं तर कधीच विरघळत नाही. आधी सेरामाइड, कोलेस्टेरॉल, ऑक्टिलडोडेकॅनॉल आणि सेटोस्टिअरिल अल्कोहोल एका लहान बीकरमध्ये घेऊन 90 अंशांपर्यंत तापवा आणि ढवळत राहा. बीकर उजेडासमोर धरा. द्रव काचेसारखा स्वच्छ दिसला पाहिजे, तळाशी एकही पांढरा कण नको. कण दिसत असतील तर थांबा, पुढे जाऊ नका. स्वच्छ झाल्यावरच बीटीएमएस घाला आणि वितळू द्या. दुसऱ्या बीकरमध्ये पाणी, ग्लिसरीन आणि ईडीटीए 80 अंशांवर आणा. तेलाचा भाग पाण्यात ओता आणि हँड ब्लेंडरचं पातं पूर्ण बुडवून थोडं-थोडं थांबत दोन-तीन मिनिटं फिरवा. मग ब्लेंडर बाजूला ठेवा आणि स्पॅच्युलाने हळूहळू, न थांबता, 40 अंशांपर्यंत ढवळा. घट्टपणा या थंड होण्याच्या काळातच येतो. मध्येच सोडून दिलं तर गुठळ्या होतात, आणि थंड होताना ब्लेंडर चालवला तर हवा भरून कंडिशनर फेसाळ होतो.

40 अंशांखाली प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंध घाला. वाफ होऊन गेलेलं पाणी वजन करून भरून काढा. एक भाग कंडिशनर नऊ भाग डिस्टिल्ड पाण्यात मिसळून पीएच तपासा आणि सायट्रिक ॲसिडच्या 10 टक्के द्रावणाचे थेंब घालत तो 4 ते 4.5 वर आणा. घट्टपणाचा निकाल दुसऱ्या दिवशी लावा, त्याच दिवशी नाही.

बिघडतं ते बहुतेक तीन प्रकारे. पहिला, आठ-पंधरा दिवसांनी बोटाला रवाळ लागणं. विरघळलेलं सेरामाइड पुन्हा स्फटिक होऊन बाहेर पडलं. एक तर तापमान कमी पडलं होतं, नाहीतर मात्रा जास्त झाली होती. 0.1 चं 0.5 केल्याने केस पाचपट सुधारत नाहीत, रवे मात्र नक्की पडतात. तपासायला एक डबी फ्रिजमध्ये आणि एक घरातल्या गरम जागी चार आठवडे ठेवा, आणि थोडा माल दोन काचांमध्ये दाबून उजेडात बघा.

दुसरा बिघाड जास्त फसवा आहे. त्वचेच्या सीरमसाठी मिळणारं तयार सेरामाइड कॉन्सन्ट्रेट लोक कंडिशनरमध्ये घालतात. त्यात बहुधा सोडियम लॉरॉइल लॅक्टिलेट आणि कार्बोमर असतात, दोन्ही ऋणभारित. धनभारित बीटीएमएसशी गाठ पडली की दाणे पडतात, कंडिशनर फाटतो, आणि फाटला नाही तरी त्याचा केसाला धरण्याचा गुण घटतो. कंडिशनरसाठी नुसती पावडर घ्या आणि विक्रेत्याकडून शुद्धतेचं प्रमाणपत्र मागा. ‘सेरामाइड लिक्विड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत खरं सेरामाइड बऱ्याचदा 1-2 टक्केच असतं.

तिसरा, बुरशी. मुंबईच्या बाथरूममध्ये उघड्या तोंडाच्या बरणीत ओला हात जातो आणि पावसाळ्यात आठवड्याभरात वास बदलतो. ट्यूब किंवा पंपाची बाटली वापरा आणि प्रिझर्व्हेटिव्ह कमी करू नका. हे घरच्या वापरापुरतं झालं. विकायचं असेल तर कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे राज्याच्या एफडीएचा उत्पादन परवाना लागतो. परवान्याशिवाय मैत्रिणींना ‘फक्त खर्चाच्या पैशात’ देणं हीदेखील विक्रीच आहे.

फरक पडतो का, हे ठरवताना

पहिल्याच धुण्यानंतर जो मऊपणा जाणवतो तो बेहेनट्रायमोनियम आणि सिलिकोनचा असतो. सेरामाइडकडून अपेक्षा आहे ती तुटणं कमी होण्याची, आणि ते मऊपणावरून कळत नाही. मधोमध भांग पाडा. चार आठवडे डाव्या बाजूला सेरामाइडचा कंडिशनर, उजव्या बाजूला तुमचा नेहमीचा. शाम्पू, तेल, फणी सगळं दोन्हीकडे सारखं. केस वाळल्यावर पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर वाकून आधी एक बाजू विंचरा, पडलेले गाठ नसलेले तुकडे एका पाकिटात टाका, मग दुसरी बाजू, दुसरं पाकीट. चार आठवड्यांनी दोन्ही पाकिटं पांढऱ्या कागदावर रिकामी करून मोजा. डाव्या बाजूचे तुकडे स्पष्ट कमी असतील तर ट्यूब पुन्हा आणा. दोन्हीकडे सारखेच असतील तर साध्या कंडिशनरवर परत या आणि वाचलेले पैसे टोकं छाटायला घाला.